उतारावर एका वेळी एकच

लंडनच्या वेम्बलीत बर्फ पडत नाही. चुकून पडलाच तर शाळा बंद, बस बंद, आणि दुसऱ्या दिवशी फुटपाथभर काळा चिखल. एरवी आमचा हिवाळा म्हणजे नुसता ओला अंधार. घड्याळं तासभर मागे केली की दुपारीच दिवे लावायचे, मोजे रेडिएटरवर वाळत टाकायचे आणि मार्चची वाट बघायची. तरीही नोव्हेंबर सरत आला, हवामान सांगताना रेडिओवरच्या बाईने स्कॉटलंडच्या डोंगरांवर बर्फ असल्याचं म्हटलं, की आमच्या घरातला एक माणूस चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहतो. खिडकीतून दिसतात शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे आणि पावसात भिजणारी आमची गाडी. त्यांच्याकडे तो मोठ्या कौतुकाने बघत बसतो. हा माणूस म्हणजे आमचे हे. त्यांना तसं उभं बघितलं की मला ती एक थंडी आठवते आणि सकाळी सकाळी माझं डोकं तापतं.

आठवण तशी नीट क्रमाने येत नाही. आधी वास येतो. पेट्रोलचा, ओल्या लोकरीचा आणि लाल मसूर घातलेल्या त्या फिक्या सूपचा, ज्यात जिरं घालावं असं अख्ख्या स्कॉटलंडमध्ये कुणाला सुचत नाही. मग आवाज येतो, छातीवर बांधलेल्या त्या यंत्राचा, बीप, बीप, बीप. आणि मग तो पांढरा रंग. पांढऱ्याला इतक्या छटा असतात हे मला साठी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. सकाळचा बर्फ निळसर, दुपारचा डोळ्यांत खुपणारा, आणि धुकं उतरलं की जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं तेच कळेनासं होतं. सुंदर होतं सगळं. मी नाही म्हणत नाही. पण सुंदर आहे म्हणून त्यात जाऊन बसायलाच हवं असं कुठे आहे?

हे आयुष्यभर ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, सिग्नलिंगमध्ये होते. रिटायर झाल्यावर लोक काय काय करतात. कुणी टोमॅटो लावतं, कुणी देवळात शनिवारच्या जेवणाची जबाबदारी घेतं, कुणी नुसतंच क्रिकेट बघतं. आमच्याकडे कॅनडातल्या एका जुन्या मित्राचा व्हिडिओ आला. त्यात देवदाराच्या रांगांमधून, कंबरभर बर्फातून, धुरळा उडवत एक स्नोमोबील जात होती. स्नोमोबील म्हणजे चाकांऐवजी पुढे घसरपट्ट्या आणि मागे पट्टा लावलेली मोटारसायकल, बाकी काही नाही. ह्यांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की मला त्यातली झाडं ओळखीची झाली. मग विनायकभावजी आले. विनायकभावजी म्हणजे ह्यांचे इल्फर्डचे मित्र, ज्यांना कुठल्याही बेताला नाही म्हणणं जन्मात जमलेलं नाही. दोघांचं ठरलं. पुढच्या फेब्रुवारीत कॅनडा, डोंगर, स्नोमोबील. मला सांगितलं गेलं. विचारलं गेलं नाही.

अडवलं ते सईने. सई आमची एकुलती एक लेक, इथेच जन्मलेली, फार्मसी शिकलेली, आणि ते सगळं सोडून स्कॉटलंडच्या बर्फात काम करणारी. स्की करणाऱ्यांचा जिथे अपघात होतो तिथे ही स्नोमोबील घेऊन पोचते, त्यांना खाली आणते, आणि उतारावरचा बर्फ कधी घसरेल याच्यावर नजर ठेवते. हे काम इलिंग रोडवर भेटणाऱ्या बायकांना मला अजून नीट सांगता आलेलं नाही. एकीने विचारलं, म्हणजे डोंगरावर पोलीस आहे का? मी हो म्हणून टाकलं. तर सईने फोनवर स्पष्ट सांगितलं, की बाबांचा डोंगर आणि बाबांचा स्वभाव एकत्र आले तर काय होईल ते तिला दिसतंय. त्यामुळे आधी तिच्याकडे येऊन हिमस्खलनाचं ट्रेनिंग घ्यायचं, मग कॅनडा. "आणि आई पण येणार," ती म्हणाली. "बाबा माझं ऐकत नाही." माझं ऐकतात अशी तिची समजूत कुठून झाली देव जाणे.

तर आम्ही गेलो. ट्रेनमध्ये मी पराठे काढले, ह्यांनी हिमस्खलनावरची पुस्तिका काढली आणि विनायकभावजींनी पाठीवर घ्यायची ती खास बॅग काढली. बर्फात सापडलं तर तिची दोरी ओढायची, की आतला फुगा फुगतो आणि माणूस वर तरंगतो. ही बॅग कशी मिटते ते बघावं म्हणून भावजींनी जी दोरी ओढली, ती तीच होती. आमच्या डब्यातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. पुढचा सगळा प्रवास भावजी त्या नारिंगी फुग्याला कवटाळून बसले होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

शिकवणाऱ्याचं नाव ग्रेगर. सईचा वरिष्ठ, बोलायला मऊ, आणि त्याचं अर्धं इंग्रजी मला कळत नसे. माझ्याबद्दल तोही हेच म्हणत असणार. त्याने पहिल्या दिवशी कॅफेच्या मागच्या खोलीत बसवून शिकवलं. प्रत्येकाने छातीवर ट्रान्सीव्हर बांधायचा. तो सतत सिग्नल पाठवत राहतो. कुणी बर्फाखाली गेलं, की बाकीच्यांनी आपापला ट्रान्सीव्हर शोधण्यावर टाकायचा आणि बीपच्या मागे जायचं. जागा सापडली की प्रोब, म्हणजे लांब सळई, खुपसून बघायची, आणि मग फावडं. पहिली काही मिनिटंच कामाची, नंतर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, हे त्याने आवाज न चढवता सांगितलं. ह्यांनी हात वर केला आणि ट्रान्सीव्हरच्या आतल्या अँटेना एकमेकींशी किती अंशात बसवल्यात ते विचारलं. ग्रेगरला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. ह्यांनी सांगितलं.

मग ग्रेगरने सगळ्यात मोठा नियम सांगितला. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी बाजूला, सुरक्षित जागी, एकमेकांपासून लांब थांबायचं आणि नजर ठेवायची. मला वाटलं, चला, हे तरी सोपं जाईल. कारण हा माणूस आयुष्यभर दुसरं काय करत होता? रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, पहिली बाहेर पडेपर्यंत दुसरीला लाल दिवा. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात ह्यांनी मला हे चमचे मांडून समजावलं होतं. हनिमूनलाच म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईने मुद्दाम, सरावासाठी, आपली स्नोमोबील उताराच्या मधोमध रुतवली. आणि हे गाडी घेऊन सुटले. त्यांच्यामागे विनायकभावजी. आणि खरं सांगायचं तर मीही चालायला लागले होते. आपल्याकडे कुणाचं काही अडलं की माणसं जातात. रस्त्यात गाडी बंद पडली की धक्का मारायला ओळख लागत नाही. कुणी आजारी असलं की डब्यांची रांग लागते. लांब उभं राहून नुसतं बघायचं, हे आमच्या रक्तातच नाही. आम्ही तिघं सईभोवती घोळका करून उभे राहिलो, कुणी हँडल धरलं, कुणी मागून ढकलायला लागलं. ग्रेगर खालून शांतपणे म्हणाला, की आता एकाऐवजी चारजण गेले. सईने हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मला तिची लाज वाटली, म्हणजे तिला आमची वाटत होती म्हणून.

नंतरही तेच. थांबायचं असलं की हे आम्हा दोघांना जवळ बोलावून घ्यायचे आणि चिवड्याचा डबा उघडायचे, तेही नेमकं ज्या कड्यावर बर्फाची झालर लोंबत होती त्याच्याच खाली. सई लांबून हात करून पांगा, पांगा सांगायची. हे तिला हात करून, खायला ये, सांगायचे. शिवाय दर विश्रांतीला हे आपला ट्रान्सीव्हर बंद करायचे. का, तर बॅटरी वाचते. ज्या घरात खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही तर व्याख्यान मिळतं, त्या घरात सई वाढली आहे. तिला ते लगेच कळलं आणि सकाळी तिने त्यावरून त्यांना चांगलंच झापलं. हे म्हणाले, बरोबर आहे. आणि दुपारी पुन्हा बंद केला. मी हात टेकले.

त्याच दुपारी धुकं उतरलं.

त्यात नक्की काय कसं झालं ते आम्ही नंतर जुळवलं. उतारावर मध्ये एक टेकाड होतं, थांबायला सुरक्षित. ग्रेगरने मला आणि विनायकभावजींना आधी खाली आणलं, कॅफेशी सोडलं आणि तो मशिनं शेडमध्ये लावायला गेला. हे टेकाडावर थांबले होते. सई सगळ्यांच्या शेवटी, वरच्या टोकाला. तिने वॉकीटॉकीवर ह्यांना सांगितलं, की धुकं वाढतंय, एक तर तिथेच थांबा, नाहीतर वर माझ्याकडे या, काय करताय ते मला सांगा. ह्यांना थंडी वाजत होती. खाली आम्ही होतो, सूप होतं, पायरीपायरीने उतरणारी सोपी वाट होती. हे म्हणाले, "बरं गं सई, येतो मी." आणि गाडी चालू करून खाली निघून आले.

सई त्यांची वर वाट बघत राहिली.

कॅफेत हे मागच्या दाराने आले. वॉकीटॉकी हातमोज्यांबरोबर बॅगेत गेली. मी त्यांना सूप आणून दिलं, ते म्हणाले मीठ कमी आहे, मी म्हटलं ह्या देशात कशात असतं. आजूबाजूला बरेच लोक होते, सगळे सारखेच, फुगीर जाकिटातले, वाफाळलेले. काचेवर बाहेरून पांढरं आणि आतून धुरकट. मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

ग्रेगर पुढच्या दारातून आत आला. त्याने आवाज चढवला नाही, पण सगळी खोली थांबली. टेकाडाखाली बर्फाचा एक तुकडा सुटलाय, आपल्या ग्रुपमधला एकजण सापडत नाहीये, सई शोधतेय, तिचं बोलणं तुटक येतंय, फावडी घ्या. खुर्च्या मागे सरकल्या. विनायकभावजी उठले. हे तर त्यांच्याही आधी उठले. कधी नव्हे ती तत्परता दाखवून त्यांनी हेल्मेट चढवलं, काच खाली केली, प्रोब उचलला, फावडं उचललं. ग्रेगर एकेकाला दाराबाहेर काढत होता आणि त्या हेल्मेटात कोण आहे ते बघायला त्याला वेळ नव्हता. ह्यांनी वाकून मला विचारलं.

"कोण गं हरवलंय?"

मी बघितलं. विनायकभावजी इथे. ग्रेगर इथे. मी इथे. सई वर, वॉकीटॉकीवर.

"तुम्ही," मी म्हटलं.

ह्यांनी हेल्मेटची काच वर केली. मी त्यांचा तो चेहरा आधी कधी बघितला नव्हता आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. ग्रेगरने मागे वळून त्यांना बघितलं, मग वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि सईला सांगितलं, की ते इथे आहेत, ठीक आहेत, माझ्यासमोर आहेत. पलीकडून काही आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. बऱ्याच वेळाने नुसती खरखर झाली आणि थांबली.

ती आली तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. हातमोजे भिजून कडक झाले होते. तिला सिग्नल मिळाला नव्हता, आणि तो नाही मिळाला म्हणून तिला धीरही आला नव्हता, कारण बाबांनी ट्रान्सीव्हर बॅटरी वाचवायला बंद केला असणार हे तिला पक्कं माहीत होतं. मग तिने अंदाजाने प्रोब खुपसत नेला. एका ठिकाणी तो खाली कशाला तरी अडला. तिथे ती खणत होती.

ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. मला वाटतं ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी एवढी मोठी खड्डा खणली, बाबा," ती म्हणाली. "खाली दगड होती."

एवढा मोठा खड्डा, दगड होता. माझ्या तोंडावर आलं होतं. मी तिचं मराठी आयुष्यभर सुधारत आले आहे, ते थांबवणं मला जमत नाही. त्या वेळी मी ते गिळलं.

हे म्हणाले, अगं, निघताना आपण येतोच म्हणतो ना. घरात नेहमी तसंच म्हणतो. तुला माहीत आहे.

"घरी माहितेय, बाबा," सई म्हणाली. "दारात माहितेय. तिथे दार कुठे होतं?"

जातो म्हणायचं नाही हे तिला मीच शिकवलेलं. शाळेत जाताना ती दप्तर घेऊन 'आई, जाते' म्हणाली की मी तिला परत आत बोलवायचे, येते म्हण. बाहेर बस सुटायची वेळ झालेली असायची आणि मी पायरीवर उभी राहून तिच्याकडून ते वदवून घ्यायचे. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्या भाषेत माणूस घरातून निघतानाच परत आलेला असतो, हे किती चांगलं आहे. मला राग आहे तो एवढाच, की ज्या माणसाने जन्मभर गाड्यांना हिरवा आणि लाल असे दोनच दिवे दाखवले, त्याला डोंगरावर 'खाली निघालो' एवढे दोन शब्द सुचू नयेत.

परतीच्या ट्रेनमध्ये कुणी पराठे मागितले नाहीत. विनायकभावजींनी एकदा विषय काढायचा प्रयत्न केला, मग पुन्हा बॅगेच्या बंदांशी खेळत बसले. त्या फेब्रुवारीत कॅनडा झालं नाही. झालं नाही म्हणजे रद्द झालं असंही कुणी म्हणालं नाही, नुसतं बोलायचं बंद झालं, जसं काही घरांत एखाद्या नातेवाइकाबद्दल होतं. पुढचा हिवाळा आला तोही तसाच गेला. मित्राचे व्हिडिओ येत राहिले. हे ते आवाज बंद करून बघायचे. मी दर वेळी पाठीमागून जाताना म्हणायचे, काही गरज नाहीये, या वयात हाडं मोडून घ्यायची, पोरीच्या जिवाला घोर. दर वेळी हे माझ्याशी भांडायचे. आकडे सांगायचे, हवामान सांगायचे, अँटेना सांगायचे. मी म्हणायचे, माझ्या मढ्यावरून जा. ते म्हणायचे, तेवढं लांबून कशाला. अशा भांडणात एक ऊब असते, हे रेडिएटरच्या देशात राहून कळतं. संध्याकाळी भात लावताना माझ्या लक्षात यायचं, की मी उद्याचे मुद्दे तयार करते आहे.

आता पुन्हा नोव्हेंबर आहे. सई सीझन सुरू व्हायच्या आधी चार दिवस घरी आलेली आहे. काल मित्राचा फोन आला, की यंदा बर्फ चांगला आहे आणि तोही आता थकत चाललाय, पुढच्या वर्षी मशिनं विकून टाकणार. रात्री जेवायला वरणभात होता आणि मेथीची भाजी. बाहेर पाऊस. हे बराच वेळ भात कालवत बसले.

"सई," ते म्हणाले, "जाऊ का मी?"

मी वाढता वाढता थांबले. ह्या माणसाने लंडनला यायचं ठरवलं तेव्हा स्वतःच्या वडिलांना विचारलं नव्हतं. हे घर घेतलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. ते सांगतात, विचारत नाहीत. त्यावर मी अर्धं आयुष्य चिडले आहे.

सईने घास संपवला. मग हळू आवाजात म्हणाली, "नको ना, बाबा. मला भीती वाटतो."

"बरं," हे म्हणाले, आणि त्यांनी आणखी थोडं वरण घेतलं.

संपलं. आकडे नाहीत, हवामान नाही, अँटेना नाहीत. हेच ऐकायला मी दोन हिवाळे घसा कोरडा केला होता. मला हायसं वाटायला हवं होतं. देवापुढे साखर ठेवायला हवी होती. आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की हातातली वाटी मी टेबलावर आदळली. कारण ते समोर वरण भुरकत बसले होते आणि म्हातारे दिसत होते. माणूस असा एका शब्दात म्हातारा होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तू ने त्यांना," मी सईला म्हटलं. "तू स्वतः बरोबर जा आणि घेऊन जा."

सई माझ्याकडे बघत राहिली. "आई, तूच म्हणत होतीस ना, जाऊ नका म्हणून?"

"ते ऐकत नव्हते तोवर म्हणत होते," मी म्हटलं. "आता ने."